क्षेत्राची अचूक नोंद : ऑनलाइन प्रश्नावलीस स्क्रिप्टची जोड

पाहणीच्या कामात शेतकऱ्याच्या जमिनीचे क्षेत्र बिनचूक नोंदले जाणे अत्यंत अगत्याचे असते. बियाण्यांची मागणी, खतांची मात्रा व नुकसानीचा अंदाज ही सर्व त्याच आकड्यावर बसविली जातात. असे काम लाइमसर्व्हेसारख्या मुक्त स्रोताच्या प्रणालीवर ऑनलाइन प्रश्नावली मांडून करता येते. मात्र तयार प्रश्नावलीस एकर-गुंठ्यांचा हिशेब ठाऊक नसतो. तो तिला शिकवावा लागतो.

चूक कोठे होते?

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते; शेतकरी मात्र बोलताना एकर व गुंठे सांगतो. ‘दोन एकर पंधरा गुंठे’ हे उत्तर एकाच चौकटीत २.१५ असे लिहिले गेले, तर संगणक ते दशांश अपूर्णांक समजून ८७ आर क्षेत्र धरतो. वस्तुतः ४० गुंठ्यांचा एक एकर होत असल्याने हे क्षेत्र २.३७५ एकर, म्हणजे सुमारे ९६ आर भरते. एका बिंदूपायी ९ आर जमीन कागदावरून नाहीशी होते.

सूत्राने होणारे काम

यास्तव एकर व गुंठे यांसाठी दोन स्वतंत्र चौकटी ठेवाव्यात. गुंठ्यांच्या चौकटीस ० ते ३९ ही मर्यादा घालावी. नंतर ‘समीकरण’ प्रकारचा प्रश्न घेऊन एकरांस ४० ने गुणावे, त्यांत गुंठे मिळवावेत व बेरजेस १.०११७ ने गुणावे. येणारे उत्तर आरमध्ये असते. एवढ्यासाठी स्क्रिप्टची गरज नाही. प्रणालीतील सूत्रे पुरेशी आहेत.

स्क्रिप्ट केव्हा लागते?

मराठी कळफलकावर ‘१५’ असे देवनागरी अंक लिहिले, तर जावास्क्रिप्ट भाषा त्यांस संख्या मानीत नाही. अशा वेळी संख्येच्या चौकटीऐवजी लघु मजकुराची चौकट घेऊन प्रश्नाच्या मजकुरात छोटी स्क्रिप्ट जोडावी. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ व इंग्रजी शून्याचा ४८ आहे. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की त्याच किमतीचा इंग्रजी अंक मिळतो. चौकटीतील मजकूर बदलताच स्क्रिप्टने हे रूपांतर करावे.

घ्यावयाची दक्षता

१. स्क्रिप्ट उत्तर देणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते व काही कारणाने बंदही पडू शकते. म्हणून चौकटीत केवळ इंग्रजी अंकच स्वीकारले जावेत, अशी प्रमाणीकरणाची अटही घालावी. त्यामुळे चुकीची नोंद होण्याऐवजी उत्तर पुन्हा विचारले जाईल.

२. रूपांतरित आकड्याबरोबर शेतकऱ्याने सांगितलेले एकर-गुंठेही जतन करावेत. सूत्रात दोष आढळल्यास हिशेब पुन्हा मांडता येतो.

३. सुरक्षेची गाळणी चालू असल्यास मुख्य प्रशासकाखेरीज इतरांनी लिहिलेली स्क्रिप्ट काढून टाकली जाते. यासाठी गाळणी बंद करू नये. प्रशासकाकडून स्क्रिप्ट तपासून घेऊन त्यांच्याच हाते ती बसवावी.

४. प्रणालीची नवी आवृत्ती घेतल्यावर, तसेच पाहणीस निघण्यापूर्वी, ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशा चार-पाच क्षेत्रांची नोंद मोबाइलवर करून पाहावी.

संगणक चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतक्याच निमूटपणे साठवतो. म्हणून चूक शेताच्या बांधावरच, शेतकरी समोर असताना पकडली जाणे श्रेयस्कर होय.