पांघरूण घालण्याआधी घोडीला हात लाव

धाराशिव,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. घोडी रजईत गुंडाळलेली, वरून ताडपत्री, पोटाखालून सुतळीने आवळलेली, आणि शेडमध्ये ट्यूबलाइट रात्रभर चालू. खाली तुझा प्रश्न: "काका, पहाटे पारा नऊवर येतोय, तिघांनाही असंच झाकू का?" जनावरासाठी झोपेतून उठणारा पोरगा आपल्या घरात आहे, याचं मला फार समाधान वाटलं. पण हे फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्र वाचून होण्याआधी एक काम कर. सुतळी सोड आणि ताडपत्री काढ. रात्री घोडी लोळली आणि पाय सुतळीत अडकला तर थंडीपेक्षा मोठं संकट ओढवेल. ताडपत्रीखाली अंगाची वाफ कोंडते, रजई ओली होते, आणि ओली रजई पाठीवर असण्यापेक्षा पाठ उघडी असलेली बरी.

आता मूळ गोष्ट. थंडी आपल्याला वाजते म्हणून घोड्यालाही वाजते, असं आपण धरून चालतो. उघड्या अंगाचा माणूस सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या खाली गारठायला लागतो. हिवाळी केस आलेला, पोट भरलेला, कोरडा आणि धडधाकट घोडा मात्र साधारण ५ अंशांपर्यंत काहीही जास्तीचं न करता ऊब टिकवतो. थंड मुलखाला सरावलेली जनावरं तर उणे १५ पर्यंत निभावतात. लडाखकडचे झंस्कारी घोडे याहून कडक हिवाळा उघड्यावर काढतात. आपलं धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. थंडीची लाट आली की पहाटे पारा दहाच्या खाली जातो, हे खरं. पण त्याच दिवशी दुपारी दोनला तो अठ्ठावीस-तिसाला टेकलेला असतो. आपल्या भागातला खरा पेच हा आहे. पहाटे चारला घातलेलं पांघरूण दुपारी कुणी काढलं नाही, तर घोडी आतल्या आत घामेजते, आणि सूर्य कलला की त्याच घामाने गारठते. पांघरूण घालायचं ठरवलंस, तर ऊन वर येताच काढणारा माणूस आधी ठरव. तू कॉलेजला, वहिनी शेतात, अशा दिवशी घालूच नकोस.

घोड्याच्या अंगावरचे हिवाळी केस थंडी पडल्यावर उगवत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की शरीर ते ओळखतं आणि पावसाळा संपता संपता तयारीला लागतं. संक्रांत झाली की केस गळायलाही लागतात, तेव्हा घाबरू नकोस. गार वारा आला की हे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि ती हवाच उबेचा थर होते. वरून पांघरूण टाकलं की केस चपटे होतात. म्हणजे पातळसं काहीतरी पाठीवर टाकून तू तिची स्वतःची ऊब काढून घेतोस आणि त्याहून कमी परत देतोस. ट्यूबलाइटचंही तेच. रात्रभर उजेड ठेवलास तर तिच्या शरीराला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो आणि केस नीट येत नाहीत, किंवा लवकर गळतात. दिवा बंद ठेव.

आता तुझ्या तिघांचं, म्हणजे घोडी, म्हातारं तट्टू आणि शिंगरू यांचं, वेगवेगळं सांगतो, कारण तिघांचं उत्तर एक नाही.

घोडीची काळजी मला खरी वाटते, पण पाऱ्यामुळे नाही. वरातीसाठी तिला मशीन मारून घेतली आहेस, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केस उतरवलेत. ती मारवाडी रक्ताची आहे. मारवाडातल्या रात्री आपल्यापेक्षा गार असतात आणि तिच्या जातीला थंडी नवी नाही. तिचं पांघरूण आपणच कातरून टाकलं आहे. तेव्हा पारा बाराच्या खाली आला की तिला रात्री झूल हवी. पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मशीन मारूच नकोस. खरारा करून चमक येते. नवरदेवाकडच्यांना नक्षी हवी असेल तर पुठ्ठ्यावर वीतभर काढ, पाठ आणि कंबर सोड.

याहून महत्त्वाचं, वरातीच्या रात्रीचं. दोन तास हलगी-बँजोवर नाचलेली घोडी घामाने निथळत असते. अकरा वाजता वरात मांडवात जाते, पोरं जेवायला बसतात, आणि घोडी तशीच वाऱ्यात बांधलेली. मग तिला पिकअपमध्ये चढवायचं आणि नळदुर्गहून घरापर्यंत उघड्या हौद्यात पळवत आणायचं. नऊ अंशांत झूल घालून कोरडी उभी राहिलेली घोडी ठणठणीत असते, पण सोळा अंशांत ओल्या अंगाने गाडीच्या वाऱ्यात तासभर उभी असलेली घोडी आजारी पडू शकते. म्हणून जेवायच्या आधी घोडी. तिला दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालव, श्वास खाली येऊ दे. कोरड्या गोणपाटाने छाती, कुशी, मांड्यांच्या आतली बाजू खसाखसा पुस. मग घोंगडी टाक. लोकर घामाची वाफ बाहेर जाऊ देते आणि थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. अर्ध्या तासाने घोंगडीखाली हात घाल. आतली बाजू ओली लागली तर ती काढून दुसरी कोरडी टाक. पिकअपच्या केबिनमागे आणि दोन्ही बाजूंना ताडपत्री बांध. ताडपत्रीची जागा तिथे आहे, घोडीच्या पाठीवर नाही. मागची बाजू उघडी ठेव, हवा खेळली पाहिजे.

घोंगडी नवी आणत असशील तर आधी धुऊन घे. विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्याने ती ताठ राहते आणि खांद्यावर घासते. छातीशी एक रुंद पट्टा आणि पोटाखाली सैल तंग, चार बोटं सहज जातील एवढा. रोज सकाळी काढून उन्हात टाक, खांद्यावर आणि छातीवर केस झडलेत का ते बघ. एकाची घोंगडी दुसऱ्याला नको, नायटा आणि उवा अशाच पसरतात.

म्हाताऱ्या तट्टाची गोष्ट वेगळी. त्याचे केस अस्वलासारखे दाट आलेत, फोटोत गुबगुबीत दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नकोस. दाट केसांखाली फासळ्या दडतात. नुसत्या डोळ्यांनी न बघता तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरव. किंचित दाबल्यावर बरगडी लागली तर ठीक. न दाबताच बोटं खड्ड्यांत उतरत असतील, पाठीचा कणा धारेसारखा लागत असेल, शेपटीच्या मुळाशी मांस नसेल, तर तो थंडीला तोंड द्यायला कमी पडतोय. अमेरिकेत टेक्सासमध्ये हेन्नेके नावाच्या संशोधकाने १९८३ साली घोड्याच्या अंगावरच्या मांसाची १ ते ९ अशी मोजणी बसवली. डोळा आणि हात दोन्ही लावून ती करायची असते. ४ च्या खाली उतरलेल्या घोड्याला मी झूल घालीन, त्यातही आधी खाणं वाढवीन. महिन्यातून एकदा सुतळीने छातीचा घेर मोज आणि भिंतीवर खूण कर.

खाण्यावर जरा थांबतो, कारण थंडीचं खरं उत्तर तिथे आहे. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो आणि त्यातून सतत उष्णता निघते. हरभरा आणि भरड्याने ताकद येते, पण ही संथ, रात्रभर टिकणारी ऊब गवत आणि कडब्याने येते. शंभर किलो वजनामागे रोज दीड ते दोन किलो कोरडा चारा हवा. तट्टाला चार-पाच किलो, घोडीला सहा ते आठ. थंडीच्या लाटेत यात किलोभर वाढव, आणि वाढवलेला चारा रात्री नऊ-दहाला टाक. पहाटेपर्यंत चघळत राहिलं पाहिजे. शाळूचा कडबा कुट्टी करून दे, बुरशीचा काळा वास असलेली पेंडी फेकून दे. आणि तट्टू चारा चावून गोळे करून खाली टाकत असेल तर दोष दातांचा आहे. दात झिजलेल्या जनावराला कितीही चारा टाकला तरी ऊब मिळत नाही. त्याला भिजवलेला कोंडा आणि बारीक कुट्टी लागेल.

तू इतिहास वाचतोस म्हणून सांगतो. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी आपल्या शेजारच्याच उदगीरच्या मोहिमेत निजामाला नमवलं आणि पुढच्या महिन्यात परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली. त्यात भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं होती, तुझ्या म्हाताऱ्याच्या वंशातली. पानिपतावर तो हिवाळा आपल्या मुलखापेक्षा कितीतरी कडक होता. पण अब्दालीने रसद तोडली, दाणा-वैरण संपली, आणि १४ जानेवारी १७६१ च्या लढाईआधीच घोडी उपासमारीने खंगून मरत होती. पोट भरलेलं असतं तर त्याच तट्टांनी ती थंडी पेलली असती, असं मला ठामपणे वाटतं. काटक म्हणून भीमथडीचं नाव आहे, पण काटकपणा रिकाम्या पोटी चालत नाही.

चाऱ्याइतकंच पाणी. हिवाळ्यात घोडं कमी पितं, चारा कोरडा असतो, आणि पोटशूळ उठतो. सिमेंटच्या हौदातलं रात्रीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी त्या वेळी कोमट लागतं, तेच पाज. मोठी घोडी दिवसाला पंचवीस लिटरच्या आसपास तरी प्यायली पाहिजे, म्हणून बादली मोजून ठेव. दाण्यात रोज दोन चमचे मीठ घाल. लीद कोरडी, बारीक गोळ्यांची पडू लागली तर त्या दिवशी दुसरं सगळं सोडून पाण्याकडे बघ.

शिंगरू चार महिन्यांचं झालं, आईजवळ आहे, दूध पितं. त्याला काही घालू नकोस. ते पांघरुणात अडकेल आणि चावून फाडेल. त्याला कोरडी जागा दे. उसाचं पाचट वीतभर अंथर, ओलं झालेलं रोज काढ. नुकतं जन्मलेलं असतं तर गोष्ट निराळी होती, पहिल्या दिवसांत वीस अंशांच्या खालीही शिंगराला गारठा लागतो. पुढच्या वेळी घोडी हिवाळ्यात विणार असेल तर आधी सांग.

शेडबद्दल. हिवाळ्यात आपल्याकडे वारा ईशान्येकडून येतो. त्या बाजूला तुराट्यांचा कूड उभा कर, माणसाच्या डोक्याएवढा उंच. तूर निघतेच आहे, खर्च नाही. कडब्याची गंजही त्याच बाजूला रच. पण चारही बाजू पोती लावून बंद करू नकोस. मुताचा उग्र वास कोंडला की फुप्फुसं खराब होतात. शेडमध्ये शेकोटीही नको, धूर घोड्याला सोसत नाही आणि ठिणगीला कडबा पुरतो.

आणि अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या भागात गारपिटीने काय केलं ते तू लहान असताना पाहिलं आहेस. पाऊस आणि वारा एकत्र आले की वरचं ५ अंशांचं गणित मोडतं. केस चिकटतात, अडकलेली हवा निघून जाते, आणि पंधरा अंशांतही घोडं कुडकुडतं. तेव्हा तिघांनाही छताखाली घे, केस बोटांनी उचलून कातडी बघ. वरून ओलं आणि आत कोरडं असेल तर पुसून सोड. कातडीपर्यंत पाणी गेलं असेल तर आधी पुसून कोरडं कर, मगच घोंगडी.

थंडी वाजतेय की नाही हे कानाच्या टोकाला हात लावून ठरवू नकोस, टोकं गारच असतात. कानाच्या मुळाशी, खांद्यावर आणि पुढच्या कोपराच्या मागे हात लाव. तिथे गार लागलं, अंग थरथरत असलं, शेपूट वाऱ्याकडे करून मान खाली घालून एका जागी उभं राहिलं असलं आणि चाऱ्याकडे बघत नसलं, तर झूल घाल. झुलीखाली घाम लागला तर काढ. थरथर आहे आणि अंग मात्र गरम लागतंय, तर थर्मामीटर लाव. ३८.५ च्या वर असेल तर तो ताप आहे. झूल न शोधता १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लाव.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार आवडतो. २३ घोड्यांना त्यांनी फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या: एक म्हणजे झूल घाला, दुसरी म्हणजे काढा, तिसरी म्हणजे आहे तसं राहू द्या. घोडे नाकाने फळी दाखवायला शिकले. पाऊस आणि गार वारा असताना त्यांनी झूल मागितली, चांगल्या हवेत काढायला लावली. आपल्याकडे फळ्या नाहीत, पण तुझी घोडीही रोज काहीतरी सांगतच असते. ताडपत्री काढल्यावर आज रात्री ती कशी उभी राहते, चारा खाते का, पहाटे कोपरामागे हात कसा लागतो, हे आठ दिवस वहीत लिही. पाऱ्याचा आकडाही शेजारी मांड. तुझ्या शेडची, तुझ्या घोडीची मर्यादा त्या वहीतून तुला कळेल, ती मी इथून सांगू शकत नाही.

माझ्याकडे दोन जुन्या, धुतलेल्या घोंगड्या आहेत. रविवारी तुळजापूरला येतोय, तेव्हा बसस्टँडवर घेऊन जा. त्याआधी तट्टाला दवाखान्यात नेऊन दाढा दाखव, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव. वहिनींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझा,
काका