चार पिढ्यांची शेती आणि तिचे दप्तर
जांभूळच्या शिवाराच्या निमित्ताने एक अभ्यास

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ या गावाचे नावच एका फळझाडाचे आहे. शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात या फळाला मान मिळतो तेव्हा त्यामागे एका हंगामाची नव्हे, तर पिढ्यांची मेहनत उभी असते. आजोबाने राखलेल्या झाडाचे फळ नातू विकतो. मात्र ते झाड ज्या जमिनीत उभे आहे, ती जमीन नातवापर्यंत कशी आली आणि त्याच्या भावाबहिणींचा तीत वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर झाड देत नाही. ते गावच्या दप्तरात शोधावे लागते.

कौटुंबिक शेतीचा इतिहास म्हणजे केवळ घराण्याच्या आठवणी नव्हेत. जमिनीचा प्रकार, पीकपद्धती, कायदे, वाटण्या आणि बाजारपेठ या सर्वांचा तो एकत्रित हिशोब असतो. हा हिशोब कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जमीन आणि पीकपद्धती

उल्हास नदीच्या खोऱ्यातील या पट्ट्यात शेतकरी जमिनीचे ढोबळमानाने दोन भाग मानीत आला आहे. सखल, बांधबंदिस्ती केलेली ती भाताची खाचरे आणि उताराची, हलकी ती वरकस जमीन. खाचरात पावसाळी भात व तो निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. वरकसावर नाचणी, वरी आणि गवत, अशी जुनी घडी होती. रोपवाटिकेची जागा पालापाचोळा व शेण घालून भाजायची, म्हणजे 'राब' करायचा, ही रीतही तिचाच भाग होय. म्हणूनच घरच्या शेतीत वरकस जमिनीला तिचे स्वतःचे उत्पन्न थोडे असूनही महत्त्व होते. राबाचे साहित्य तेथूनच येई.

कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५६ साली बदलापूरवरून खोपोलीपर्यंत पोचला आणि मुंबईची बाजारपेठ जवळ आली. विसाव्या शतकात अंबरनाथला कारखानदारी वाढली. १९४९ साली कल्याणच्या निर्वासित छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि शेजारीच एक मोठे शहर उभे राहिले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाने बांधलेल्या बारवी धरणाच्या पाणीपुरवठा व्यवस्थेतील जलशुद्धीकरण केंद्र जांभूळ येथेच आहे. या घडामोडींमुळे शेतकरी कुटुंबाचे अर्थकारण बदलले. एक भाऊ कारखान्यात व एक भाऊ शेतावर, अशी विभागणी रूढ झाली. पगाराने शेतीला भांडवल दिले, परंतु घरातील काही माणसांचा जमिनीशी असलेला रोजचा संबंधही त्यामुळे तुटला. वारसाचे अनेक प्रश्न पुढे येथूनच उद्भवले.

कुळाचा मालक झाला

पहिली पिढी दप्तरात बहुधा 'कूळ' म्हणून भेटते. ठाणे जिल्ह्यात कुळांकडून जमीन कसवून घेण्याची पद्धत दूरवर पसरलेली होती. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ साली झाला. त्यातील पुढील सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ कायद्यातील अटींच्या अधीन राहून त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कलम ३२-ग नुसार किंमत ठरावयाची व ती भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळावयाचे, असा हा क्रम होता. सर्वसाधारण कुळाच्या बाबतीत ही किंमत आकारणीच्या २० पट ते २०० पट या मर्यादेत ठरविण्याची तरतूद होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कूळ म्हणून नाव बहुधा घरातील एकट्या कर्त्या पुरुषाचे लागलेले असे. जमीन मात्र सारे कुटुंब कसत असे. घाम सर्वांचा आणि नोंद एकाची, ही विसंगती त्या पिढीत कोणाला खटकली नाही. घर एक होते व चूलही एक होती.

वाटण्यांचे गणित

दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत चुली वेगळ्या होतात. समजा, आजोबांची १२ एकर म्हणजे ४८० गुंठे जमीन सहा ठिकाणी विखुरलेली आहे. तीन अपत्यांत ती वाटली तर प्रत्येकी १६० गुंठे. त्यांना प्रत्येकी चार अपत्ये असल्यास नातवंडांच्या वाट्याला ४० गुंठे, म्हणजे एक एकर येते. हेही एक वेळ चालेल. परंतु प्रत्येक तुकड्यात प्रत्येकाला हिस्सा हवा असेल, तर एका नातवाची ४० गुंठे जमीन सहा ठिकाणी प्रत्येकी सुमारे पावणेसात गुंठे अशी पसरते. औत वळवायला जागा नाही आणि बांधांतच पुष्कळशी जमीन जाते, अशी स्थिती होते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीनुसार त्या गावातील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली ४० एकर होते. १८१८ साली ते साडेसतरा एकर झाले आणि १९१४-१५ च्या सुमारास अवघे ७ एकर उरले. सातशेहून अधिक तुकड्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. आज हे गाव पिंपरी-चिंचवड शहराचा भाग असून त्या शिवारात इमारती उभ्या आहेत. शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक गावाने या उदाहरणाचा विचार करावा.

संपूर्ण महाराष्ट्राचे चित्रही त्याच दिशेचे आहे. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व एकत्रीकरणाचा अधिनियम १९४७ पासूनच आहे. तथापि, कायद्याने तुकड्याची नोंद अडली तरी घरातील वाटणी अडत नाही. ती तोंडी होते, आणि तोंडी वाटणी पुढच्या पिढीला सिद्ध करता येत नाही.

दप्तर कसे वाचावे?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. त्याखाली गावपातळीवर ठेवावयाच्या नमुन्यांपैकी पाच नमुने कौटुंबिक शेतीच्या अभ्यासाला पुरेसे आहेत.

गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखपत्रक, तर गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास आपण सातबारा म्हणतो. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराची गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. गाव नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही आणि ६-क हे वारस प्रकरणांचे रजिस्टर होय.

सातबारा आजची स्थिती सांगतो. इतिहास सांगतो तो फेरफार. सातबाऱ्यावर नावांजवळ जे फेरफार क्रमांक असतात, ते धरून मागे मागे गेल्यास खरेदी, वारस, वाटणी, बोजा व कुळहक्क यांची साखळी उलगडते. एकेक फेरफार म्हणजे त्या घराण्याच्या इतिहासातील एकेक प्रकरणच.

ही साखळी वाचताना दोन जागी विशेष काळजी घ्यावी. पहिली जागा 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' या अक्षरांची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अथवा पुढारी म्हणून थोरल्या भावाचे नाव लागलेले असते. त्याच्या मृत्यूनंतर केवळ त्याच्याच मुलांची नावे वारस म्हणून चढली, तर धाकट्या भावांच्या शाखा कागदावरून नाहीशा होतात. कोणी कोणाला फसविले नसतानाही हे घडू शकते. दुसरी जागा 'इतर अधिकार' या रकान्याची. बहिणींची नावे मुख्य खातेदारांत न घेता या रकान्यात टाकण्याची प्रथा अनेक गावांत होती.

मुलींच्या हक्काबाबत कायदा आता स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात सुधारणा करून त्यानंतर विवाह होणाऱ्या मुलींना सहदायक मानले. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय सुधारणेने विवाहित-अविवाहित हा भेद ठेवला नाही. सुधारणेच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

नोंद का महत्त्वाची?

रस्ता, धरण अथवा औद्योगिक वसाहतीसाठी भूसंपादन होते तेव्हा मोबदल्याची नोटीस अभिलेखातील नावाने निघते. पीककर्ज, पीकविमा, फळबाग अनुदान यांनाही सातबारा लागतो. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना सुरू झाली, तेव्हा वरकस जमिनीवर झाडे लावण्याची संधी कोकणातील शेतकऱ्यांना मिळाली. ज्यांच्या घरातील वाटण्या मिटल्या होत्या, त्यांना अशा योजनेचा लाभ घेणे सोपे होते. जेथे सहहिस्सेदारांची संमती मिळत नाही, तेथे झाड लावण्याचा निर्णयही लांबतो. आणि फळझाडाच्या बाबतीत लांबलेले दशक परत येत नाही.

कोणी काय करावे?

हक्क संपादन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी देण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये आहे. मृत्यूनंतर वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे वेळेवर द्यावीत. 'सर्व' या शब्दावर भर हवा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते व त्यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वाटणी करावयाची असल्यास कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची व्यवस्था झाली आहे, तर 'ए.कु.मॅ.' शेरा कमी करण्यासाठी ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेच्या निमित्ताने वर्षातून एकदा प्रलंबित वारसनोंदींचे वाचन घडवून आणावे. कोणाचे आजोबा कागदावर अजून हयात आहेत, हे गावाला तोंडपाठ असते. केवळ ते कोणी बोलून दाखवीत नाही. शिक्षकांना यातून एक उत्तम पाठ देता येईल. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा सातबारा व दोन-तीन जुने फेरफार आणावेत, वडीलधाऱ्यांना विचारून वंशवृक्ष काढावा आणि वंशवृक्षातील नावे व सातबाऱ्यावरील नावे यांची तुलना करावी. शेत नसलेल्या मुलांनी शाळेच्या जागेचा उतारा घ्यावा. इतिहास, गणित आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय या एका पाठात येतील. घरातील आजी, आत्या व काकू यांची नावे कोठे आहेत आणि कोठे नाहीत, हेही त्या वयातच मुलामुलींच्या ध्यानी येईल.

शेती पिढ्यान्पिढ्या टिकते ती जमिनीच्या कसावर, पाण्यावर आणि माणसांच्या एकोप्यावर. एकोपा टिकविण्यासाठी मायेइतकीच स्वच्छ नोंदीचीही गरज असते. भाऊ हयात असताना, सलोखा असताना आणि जमिनीचा भाव चढण्यापूर्वी केलेली नोंद ही पुढच्या पिढीसाठी ठेवलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ ठेव होय.