तैलातील भेसळ : कोणते कलम लागू होते ?

तैलपाक सिद्ध होताना फेनोद्गम होतो, कल्काची वर्ती वळते, ती अग्नीवर धरली असता तडतडत नाही. ही लक्षणे पाक करणाऱ्यास दिसतात. सीलबंद बाटली विकत घेणाऱ्या वैद्यास व औषधी विक्रेत्यास मात्र केवळ लेबल दिसते. म्हणून तक्रार करताना प्रथम लेबलावरील परवाना क्रमांक पाहावा, असे आम्ही सुचवितो.

कारण तिळाचे तेल एकच असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते तीन प्रकारचे असू शकते. खाद्यतेल म्हणून विकल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो व बाटलीवर चौदा अंकी क्रमांक असतो. केशतेल म्हणून विकल्यास ते सौंदर्यप्रसाधन होय. आयुर्वेदीय औषध म्हणून विकल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील प्रकरण चार-अ लागू होते. (खोबरेल तेल खाद्य की केशतेल, हा करआकारणीतील वाद सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०२४ पर्यंत चालला, यावरून या वर्गीकरणाची गुंतागुंत ध्यानात यावी.) खाद्यतेलातील भेसळ किती घातक ठरते हे १९९८ साली दिल्लीत दिसले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने शोफाची साथ पसरली व साठाहून अधिक माणसे दगावली.

आता औषधी तैलाकडे वळू. समजा, नारायण तैलाच्या लेबलावर तिलतैल लिहिले आहे आणि आत पामतेल वा लिक्विड पॅराफिन आहे. लेबल असत्य, म्हणून कलम ३३-ई खाली ते ‘मिसब्रँडेड’ ठरते. गुणवत्ता कमी करणारे द्रव्य मिसळले, म्हणून कलम ३३-ईई खाली भेसळयुक्त ठरू शकते. मूळ द्रव्याच्या जागी पूर्णतः वा अंशतः अन्य द्रव्य घातले असेल, तर कलम ३३-ईईए प्रमाणे ते बनावट होय. २००८ च्या दुरुस्तीने भेसळीस एक वर्षापर्यंत कैद व किमान वीस हजार रुपये दंड, तर बनावट औषधास एक ते तीन वर्षे कैद व किमान पन्नास हजार दंड ठेवला. जप्त मालाच्या किमतीची तिप्पट अधिक होत असल्यास दंड तितका. तक्रारीत केवळ ‘लेबल चुकीचे’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे गंभीर गुन्ह्यास सौम्य नाव देणे होय.

चिकित्सालयातील चाचण्यांवर फार विसंबू नये. फरफ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्लाने तिळतेलास लाल रंग येतो, ही बाउडोइन चाचणी प्रसिद्ध आहे. परंतु हा रंग तिळतेल ‘आहे’ एवढेच सांगतो. ‘केवळ तेच आहे’ असे सांगत नाही. सिद्ध तैलास स्वतःचाच रंग असल्यास निर्णय अधिकच कठीण. खनिज तेल अल्कोहोलयुक्त पोटॅशसह उकळले तरी त्याचा साबण बनत नाही व पाणी घालताच द्रावण गढूळ होते. ही खूण त्या मानाने उपयुक्त आहे. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारीस बळ देतो, तथापि खटला उभा राहतो तो निरीक्षकाने कलम २३ प्रमाणे घेतलेल्या नमुन्यावर.

असा नमुना आपल्याच दुकानातून घेतला गेल्यास घाबरून जाऊ नये. नमुन्याचे भाग करून सील करताना आपलीही मोहोर लावता येते. एक भाग आपणास मिळतो, तो जपून ठेवावा. शासकीय विश्लेषकाच्या अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत, आपण त्याविरुद्ध पुरावा देणार असल्याचे लेखी कळवावे लागते. ही मुदत हुकली की अहवालातील निष्कर्ष निर्णायक पुरावा ठरतो. माल कोणाकडून घेतला हे कलम ३३-केए नुसार निरीक्षकास सांगणे बंधनकारक आहे. बॅच क्रमांकासह खरेदीचे बिल नसेल तर विक्रेत्याने काय सांगावे ? दोन रुपये स्वस्त म्हणून बिलाविना डबे घेणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

वैद्यबंधूंसाठी आणखी एक बाब. स्वतःच्या रुग्णांकरिता तैल सिद्ध करणाऱ्या वैद्यास कलम ३३-ईईसी च्या परंतुकाने परवान्यातून सूट आहे. तेच तैल शेजारच्या औषधी दुकानात विक्रीस ठेवले की सूट संपते, मग तैल कितीही शुद्ध असो. आणि विनापरवाना उत्पादनास कलम ३३-आय मध्ये भेसळीइतकीच शिक्षा सांगितली आहे.