घडणावळ वजा जाता

रायपूरच्या सदर बाजारात राहणाऱ्या माणसाने दोनच सीटांची, उघड्या टपाची गाडी बाळगावी का, हे बाजारातल्या कुणालाही विचारा. उत्तर लगेच मिळेल. म्हणून तर मी कुणाला विचारत नव्हतो. कोतवाली चौकाकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, मधल्या चिंचोळ्या वाटेत ई-रिक्षा, स्कूटर, हातगाड्या, आणि या सगळ्यात बूड टेकवून चालणारी माझी लाल सॅन स्टॉर्म. गोव्यात नोकरीला होतो तेव्हा घेतलेली. ती विकून घरातले सगळे मावतील अशी गाडी घ्यावी की नाही, यावर मी जेवढा विचार केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता. बायको हे वाचणार आहे, तेव्हा याहून जास्त खुलासा करत नाही. त्या काळात जे उमगत गेलं ते असं.

१. आपल्याला वाटतो तेवढा वेग आपल्याला नकोच असतो. स्टॉर्म १९९८ साली बाजारात आली. आराखडा फ्रान्सच्या ल मान्स ग्रुपचा, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, आणि ताकद ६० अश्वशक्ती. आता ज्या अर्टिगाकडे बघून मी नाक मुरडत होतो, तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची ताकद शंभराच्या वर आहे. म्हणजे कागदावर पाहिलं तर मी ‘स्पोर्ट्स कार’ देऊन तिच्या दीडपटीहून जोरकस गाडी घेणार होतो! तरी स्टॉर्म सुसाट वाटायची. बसायची जागा रस्त्याला लागून, अंग फायबरचं आणि हलकं, डोक्यावर छप्पर नाही, कानात वारा. ताशी साठला नव्वदचा भास व्हायचा. मी इतकी वर्षं त्या भासावर खूश होतो, आणि मित्रांना मात्र इंजिनाबद्दल व्याख्यानं देत होतो.

२. गाडीत कोण बसतं यापेक्षा कोण बसत नाही, हे फार उशिरा दिसतं. आईचे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. स्टॉर्ममध्ये बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग मागे रेलत खाली जायचं, आणि उतरताना दोघांनी हात द्यायचा. तिने कधी तक्रार केली नाही. “तू हो पुढे, मी पोरांना घेऊन रिक्षानं येते,” एवढंच म्हणायची. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असला की आमचा ताफा निघायचा: मी आणि बायको टप उघडून, मागून आई आणि दोन्ही मुलं ई-रिक्षात. बहुतेक वेळा ई-रिक्षा आधी पोचायची. आई दारात उभी राहून आमची वाट बघायची, आणि मला त्यात काही वावगं आहे असं वाटायचंही नाही. ज्याला तक्रार करायची सवय नसते त्याच्या वाट्याला काय येतं, याचा हिशेब घरात कुणीच ठेवत नाही.

३. उघड्या टपाच्या गाडीला गाव लागतं. पणजीत संध्याकाळी मांडवीच्या काठाने जाताना जी गाडी शहाणपणाची वाटायची, ती रायपुरात मे महिन्यात वेडेपणाची वाटते. पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि सूर्य रोहिणीत आला की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत टप उघडणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकाने बघत नाहीत, काळजीने बघतात. मग पावसाळा. मग धनत्रयोदशीची गर्दी, तेव्हा सदर बाजारातून माणूस निघणं कठीण, गाडीचं सोडाच. उरला हिवाळा. थंडीतल्या सकाळी नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मात्र ती गाडी अशी पळायची की मागचे आठ महिने माफ व्हावेत. मी तिला ‘माझी रोजची गाडी’ म्हणत असे. खरं तर ती थंडीतल्या काही सकाळींची गाडी होती, बाकी वर्षभर आम्ही तिला सांभाळत होतो.

४. बाजाराला आपल्या भावना कळत नाहीत असं नाही, तो त्यांना भाव देत नाही इतकंच. गाड्यांच्या एका दलालाला बोलावलं. त्याने भोवती एक चक्कर मारली, आत डोकावला आणि विचारलं, “भैया, दो सीटर? इसमें बिठाओगे किसको?” आईने जे कधी विचारलं नाही ते त्याने पहिल्याच मिनिटात विचारलं. विम्याचं गणितही असंच कोरडं. त्यांच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते, आणि पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक यांनी मिळून काय ती ठरवायची. शिवाय भरपाई देताना रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट आणि फायबरच्या भागांवर ३० टक्के. माझ्या गाडीचं सगळं अंगच फायबरचं! माझ्या डोक्यात जो आकडा होता तो कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता. तो कुठून आला होता हे मला शेजारच्या पेढीवर कळलं.

५. घडणावळ परत मिळत नाही. शेजारच्या सराफाकडे मी लहानपणापासून जाऊन बसतो, त्यामुळे दागिने मोडायला आलेली माणसं खूप पाहिली आहेत. पाटल्या काट्यावर जातात. खडे काढतात, लाख काढतात, कस बघतात, घट धरतात, आणि उरलेल्या सोन्याचा आकडा सांगतात. समोरच्या बाईंचा चेहरा पडतो. त्या म्हणतात, अहो, केवढं नाजूक काम होतं हे! सराफ कधीही म्हणत नाही की कामाला किंमत नव्हती. तो म्हणतो, काम काट्यावर चढत नाही. मी गाडीची जी किंमत धरून बसलो होतो त्यात पणजीच्या संध्याकाळी होत्या, गोव्याहून इथवर केलेला लांबलचक प्रवास होता, बायकोबरोबरची पहिली फेरी होती. हे सगळं मी घेणाऱ्याकडून रोख मागत होतो. ते वजा केल्यावर दलालाचा आकडा आणि माझा आकडा फार लांब राहिले नाहीत. आणि गंमत अशी की वजा केलेलं सगळं माझ्याकडेच राहिलं. ते विकाऊ नव्हतंच.

६. दुसऱ्याचं उदाहरण आपण सोयीपुरतंच घेतो. मी सचिनचं घेतलं. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला ती त्याच्या हाती सोपवली कुणी, तर मायकेल शूमाखरने. ती गाडी त्याने २०११ मध्ये सूरतच्या एका उद्योजकाला विकली. हे मी घरात आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचो: देवाने विकली, मग आपण कोण! पुढचा भाग नंतर वाचनात आला. २०२० मध्ये सचिनने जाहीरपणे सांगितलं की त्याची पहिली गाडी, साधी मारुती ८००, आता त्याच्याकडे नाही आणि ती परत मिळाली तर हवी आहे. पुढच्या मार्चमध्ये तो नवा रायपूरच्या मैदानावर रोड सेफ्टी मालिकेत खेळला, तेव्हा आजूबाजूचे लोक त्याचे फटके बघत होते आणि मी ही मारुती डोक्यात घेऊन बसलो होतो. काही गाड्यांमुळे लोक आपल्याकडे बघतात, काही गाड्यांमधून आपण लोकांकडे बघायला शिकतो. स्टॉर्म पहिल्या जातीची. सिग्नलला पोरं फोटो काढायची, भाजीवाली म्हणायची, “अब्बड़ सुग्घर हे,” आणि मी दिवसभर फुगलेला. माझी मारुती ८०० म्हणजे बाबांची प्रिया स्कूटर. तिचा नंबर अजून तोंडपाठ आहे. स्टॉर्मचा मला पुस्तकात बघून सांगावा लागायचा.

७. ‘विकायची नाही, नुसती ठेवून देऊ’ हाही एक निर्णयच असतो, आणि तो सगळ्यात महाग पडतो. दोन्ही गाड्या ठेवण्याचा तोडगा मला फार आवडला होता, कारण त्यात काहीच ठरवावं लागत नव्हतं. पण उभी गाडी झिजत नाही हा समज खोटा आहे. बॅटरी उतरते, टायर न फिरताही म्हातारे होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, उंदरांना वायरी आवडतात. पंधरा वर्षं उलटली की नोंदणी पुन्हा करून घ्यायची. त्याची फी आधी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि फिटनेसची तपासणी वेगळी. बरं, सदर बाजारात जागा कुठून आणायची? मित्राच्या अंगणात ताडपत्रीखाली ती उभी राहिली आणि मी अधूनमधून भेटायला जाऊ लागलो. दर भेटीत ती थोडी अधिक धुळकट. ज्या वस्तूवर आपण जीव टाकतो ती वापरात नसली की तिचे हाल आपणच करतो, आणि त्याला जतन करणं म्हणतो.

८. निरोप भावनेचा असला तरी तो कागदावर पुरा करावा लागतो. राज्याबाहेरचा ग्राहक असेल तर फॉर्म २८ भरून आरटीओची ना हरकत, मग हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी पुस्तकावर ज्याचं नाव तोच कायद्याच्या लेखी मालक, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी दुसऱ्याच्या हातात आणि नाव आपलं, अशी स्थिती राहिली आणि अपघात झाला तर भरपाईचा भार आपल्यावर येऊ शकतो. हे कळल्यापासून मी सह्या करताना हळवा व्हायचं विसरलो. कागदपत्रांचा हा एक गुण मान्य करायला हवा: रडू आलेल्या माणसालाही ते चेसिस नंबर शोधायला लावतात.

९. सोयीची गाडी बेचव असते, ही समजूत तरुणांनी आणि जाहिरातवाल्यांनी पसरवली आहे. मी स्टॉर्म विकली. अर्टिगा आली. तिच्याकडे रस्त्यावर कुणी वळून बघत नाही, आणि पहिले काही दिवस मला ते झोंबलं. मग आम्ही सगळे राजिमला गेलो, महानदी, पैरी आणि सोंढूरच्या संगमावर. आई पुढच्या सीटवर, स्वतः चढून बसलेली. रस्ताभर ती बोलत होती. तिच्या माहेरची बैलगाडी, बाबांनी तिला प्रियावरून पहिल्यांदा बूढा तलावाकडे नेलं ती संध्याकाळ, स्कूटर बंद पडल्यावर दोघं कशी चालत आली ती हकिगत. यातलं मी काहीच ऐकलेलं नव्हतं. कसं ऐकणार? इतकी वर्षं ती ई-रिक्षात होती. मागून मुलं भांडत होती, बायको खिडकी लाव, खिडकी उघड करत होती, आणि टप बंद असलेल्या गाडीत माणसांचा आवाज किती स्वच्छ ऐकू येतो हे मला नव्याने कळत होतं.

थंडीतल्या सकाळी अजून चुकचुकल्यासारखं होतं, ते नाकारत नाही. पण विकली ते बरं केलं. तुमच्याकडे गाडी नसेल, बुलेट असेल, मोठा पियानो असेल, गावाकडचं कुलूपबंद घर असेल. ठेवायचं की द्यायचं, हे तुमचं तुम्ही ठरवाल. ठरवण्याआधी एक करा: त्या वस्तूवर तुमच्याइतकंच प्रेम असणाऱ्या मित्राला विचारू नका. तिच्यात जागा न मिळालेल्या घरच्या माणसाला विचारा.