डीडवर तुझं नाव आहे ना?

अगं, घराची ऑफर मान्य झाली, अ‍ॅटर्नी रिव्ह्यूही पार पडला, हे ऐकून जीव सुपाएवढा झाला. आता इन्स्पेक्शन, बँकेची कागदपत्रं, आईबाबांचं येणं, सगळं एकदम अंगावर येईल. त्या धांदलीत एक गोष्ट तुला कोणी आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते. काउंटी क्लर्कच्या दफ्तरात त्या घरापुढे तुझं नाव लागणार आहे का, आणि लागणार असेल तर कसं, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नवऱ्यावर सोडू नकोस आणि वकिलावरही नको.

लोन त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, हे मला ठाऊक आहे. तू एच-फोर व्हिसावर, हातात पगार नाही, म्हणून बँकेने तुला अर्जात धरलं नाही. पण लोनवर नाव नाही म्हणजे घरावरही नसणार, असं आपल्या कितीतरी मुली धरून चालतात, आणि तिथेच फसतात. हे तीन वेगळे कागद आहेत. 'नोट' म्हणजे पैसे फेडण्याची हमी. तिच्यावर कर्ज घेणाऱ्याची सही असते आणि ती बँकेकडेच राहते, क्लर्ककडे जात नाही. 'मॉर्गेज' म्हणजे घर तारण ठेवल्याचा कागद. तो नोंदला जातो, आणि घरात तुझा हक्क असेल तर बँक त्यावर तुझीही सही घेते. 'डीड' हा मालकीचा कागद. त्यावर कोणाची नावं असावीत हे बँक ठरवत नाही, तुम्ही दोघं ठरवता.

आणि न्यू जर्सीत ते दोघांच्या नावावर असण्याला फार मोल आहे. नवराबायको म्हणून घेतलेलं घर इथे 'टेनन्सी बाय द एन्टायरिटी' या प्रकारात धरलं जातं. दोघांतलं एक गेलं तर घर आपोआप मागे राहिलेल्याचं होतं, त्या घरासाठी मृत्युपत्राच्या कामकाजात शिरावं लागत नाही. एकाला दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आपला हिस्सा परस्पर विकता किंवा अडकवता येत नाही. डीडवर फक्त त्याचं नाव असेल तर राहत्या घरात बायकोला ताब्याचा हक्क कायदा देतो, विकताना तिची सही लागते, हे खरं. पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. परक्या देशात, स्वतःची मिळकत नसताना, हा फरक किती मोठा आहे हे वेळ आल्यावर कळून उपयोग नाही गं. यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. उलट त्याला काही झालं तर तुझी फरफट होऊ नये, हे त्यालाही हवंच असेल.

आपल्याकडे फ्लॅट घेताना दोन्ही बाजू दुय्यम निबंधकाकडे जातात, साक्षीदार असतात, फोटो निघतो, अंगठे उठतात. त्यामुळे कागदावर कोण आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. इथे तसं नाही. डीडवर सही करतो तो फक्त विकणारा, तीही नोटरीपुढे, कधी कधी क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, आधीच. घेणाऱ्याची सही त्यावर लागतच नाही. पुढे मालकीहक्क तपासणारी टायटल कंपनी ते क्लर्ककडे पाठवून देते, बहुतेक वेळा ऑनलाइनच. म्हणजे क्लोजिंगच्या दिवशी तुझ्यापुढे सह्यांसाठी कागदांचा ढीग येईल, आणि ज्या कागदाने घर तुझं होतं तो त्यात नसेलही. म्हणून तो आधी मागवायचा.

मागवलास की शांतपणे वाच. वरच्या बाजूला तो कोणी तयार केला त्याचं नाव असतं. मग 'ग्रँटर', म्हणजे विकणारे, आणि 'ग्रँटी', म्हणजे तुम्ही. तुमच्या नावांपुढे 'नवराबायको' असं इंग्रजीत लिहिलेलं आहे ना, बघ. नावांची अक्षरं पासपोर्टशी ताडून पाहा. काउंटीची सूची नावावरच चालते. देशपांडेतला एच गळला किंवा माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर पडलं, की उद्या शोधणाऱ्याला तू सापडत नाहीस. आपली तीन पदरी नावं, वडिलांचं की नवऱ्याचं मधलं नाव, हे तर इथल्या माणसाला उमगतच नाही. तुझं एक रूप ठरव आणि बँक, डीड, टायटल इन्शुरन्स, सगळीकडे तेच लिहायला लाव. नोंद झाल्यावर दुरुस्ती करायची तर नवा कागद लागतो, आणि त्यावर बहुधा त्याच विकणाऱ्याची सही आणावी लागते. तो तोवर कुठल्या कुठे गेलेला असेल.

खाली ब्लॉक आणि लॉटचे आकडे येतील. आपल्याकडे गट नंबर असतो तसलेच ते, टॅक्सच्या बिलाशी जुळले पाहिजेत. आणि जमिनीच्या लांबलचक वर्णनानंतर एक ओळ असते: ही तीच मिळकत, जी अमुक तारखेच्या, अमुक बुकात अमुक पानावर नोंदलेल्या डीडने आम्हाला मिळाली. मला ही ओळ सगळ्यात आवडते. तिचं बोट धरून तू मागचं डीड काढू शकतेस, त्यावरून त्याच्या मागचं, आणि घर कोणाकडून कोणाकडे आलं ते सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. बऱ्याच काउंटींच्या सूच्या घरबसल्या बघता येतात. विकणाऱ्याच्या नावाने मॉर्गेजही शोध. प्रत्येक जुन्या मॉर्गेजपुढे ते फिटल्याची नोंद आहे का? त्याने घरावर क्रेडिट लाइन घेतली असेल तर खास लक्ष दे. बाकी शून्य झाली म्हणून ती मिटत नाही. ती रीतसर बंद होऊन तशी नोंद व्हावी लागते.

टायटल कंपनी हा शोध घेतेच, तू तिची जागा घ्यायला जाऊ नकोस. पण बघितलेलं असलं की प्रश्न विचारता येतात. एक लक्षात ठेव, क्लर्कचं ऑफिस कागदाचा खरेपणा तपासत नाही. सही, नोटरी, सहीखाली छापलेलं नाव, फी, इतकं बरोबर असलं की कागद दाखल होतो. म्हणून ओनर्स टायटल पॉलिसी घे. बँक जी घ्यायला लावते ती बँकेच्या पैशांचं रक्षण करते, तुमचं नाही. ट्रेंटनच्या कोर्टातल्या हुकूमनाम्यांच्या शोधात तुमच्या आडनावाचे आणखी चारजण देणेकरी निघाले तरी घाबरू नकोस. जोशी, पाटील, शाह यांचं ते नेहमीचंच; तो माणूस मी नव्हे, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं.

शोधताना काउंटी मात्र बरोबर निवड. एडिसन, इसेलिन, पिस्कॅटवे हे मिडलसेक्समध्ये, म्हणजे ऑफिस न्यू ब्रन्सविकला. तू आधी बघितलेल्या त्या प्रिन्स्टनच्या पत्त्याचं वेगळं. पत्रावर प्रिन्स्टन लिहिलेली घरं प्रत्यक्षात मर्सरमध्ये असतात, मिडलसेक्समध्ये असतात, सॉमरसेटमध्येही असतात. आणि हडसन किंवा एसेक्समध्ये असतीस तर क्लर्ककडे नाही, 'रजिस्टर' नावाच्या अधिकाऱ्याकडे जावं लागलं असतं.

नोंद लवकर होण्याचा आग्रह धर. आपल्याकडे दस्त नोंदायला चार महिने मिळतात. इथे मुदत अशी नाही, पण जो आधी नोंदतो त्याचं पारडं जड. विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्या कोणाला लिहून दिलं, त्या माणसाला तुमचा व्यवहार ठाऊक नसला, आणि त्याने आधी नोंद केली, तर तो वरचढ ठरतो. त्यासाठीच क्लोजिंगच्या आधी 'नोटीस ऑफ सेटलमेंट' दाखल करतात. ती 60 दिवस तुमची जागा राखून ठेवते. ती दाखल झाली का, एवढं वकिलाला नक्की विचार. खर्चाचं म्हणशील तर ट्रान्सफर फी विकणाऱ्याने भरायची असते. 10 लाख डॉलरच्या वरच्या घरांना घेणाऱ्याला जो 1 टक्का पडायचा, तोही 10 जुलै 2025 पासून विकणाऱ्याकडे गेला आहे. मैत्रिणी जुना हिशेब सांगतील, तो धरू नकोस.

घर नावावर झालं की थोड्याच दिवसांत सरकारी वाटावं असं पत्र येईल: डीडची प्रमाणित प्रत हवी असेल तर इतके डॉलर पाठवा. पाठवू नकोस. मूळ डीड नोंद होऊन तुमच्याकडे येतंच, आणि प्रत लागलीच तर क्लर्ककडे ती त्या मानाने अगदी थोडक्यात मिळते. त्यापेक्षा आपल्या नावावर काही नोंदलं गेलं तर ईमेल पाठवणारी सोय काउंटीत आहे का बघ. बऱ्याच ठिकाणी ती फुकट असते. पुढे बेसमेंट करून घ्याल तेव्हा कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देताना पैसे पोचल्याचं आणि हक्क सोडल्याचं लिहून घे. पैसे थकले असं म्हणून तोही घरावर बोजा चढवू शकतो, राहत्या घराच्या बाबतीत काम संपल्यापासून 120 दिवसांपर्यंत.

तर आज एवढंच कर. वकिलाला दोन ओळींची ईमेल लिही: डीडवर आम्हा दोघांची नावं नवराबायको म्हणून हवीत, आणि मसुदा क्लोजिंगच्या आधी मला पाठवा. ईमेल तुझ्या नावाने जाऊ दे. मसुदा आला की मला फोन कर, आपण दोघी तो ओळ न् ओळ वाचू.