‘श्यामची आई’ : दूर असलेल्या पालकांचे संस्कार

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी बहुधा मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचली जाते. आई-वडील जवळ नसताना त्यांचे संस्कार कसे टिकतात, या दृष्टीने तिचा विचार येथे अभिप्रेत आहे. एटापल्ली, भामरागड परिसरातील अनेक मुले लहान वयातच आश्रमशाळेत राहावयास जातात. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीतील अध्यापकांना हा प्रश्न टाळता येत नाही.

श्यामच्या आईचा भर कृतीवर आहे. पोहण्यास भिणाऱ्या मुलाला ती मारून घराबाहेर काढते. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीची मोळी उचलून देण्यास त्यालाच पाठवते. वडिलांचा वाटा मात्र समीक्षेत उपेक्षित राहिला आहे. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात पत्नीचे मन दुखावू नये म्हणून ते मीठ नसलेली भाजी निमूटपणे खातात. न बोलण्यातील ही सहृदयता श्याम त्यांच्याकडून शिकतो. त्यांच्या कर्जापायी घराची झालेली अप्रतिष्ठाही त्याला हळवे करते. तेव्हा श्यामची घडण एकट्या आईची नव्हे.

ही घडण कसास लागते ती घराबाहेर. श्याम शिक्षणासाठी दापोलीस व पुढे औंधला जातो. आईच्या अखेरच्या क्षणी तो जवळ नसतो. पुढे आश्रमातील मित्रांना तो रात्रीमागून रात्री तिच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्रींची योजना कादंबरीत आहे. गमावलेली आई या कथनातून त्याला पुन्हा लाभते.

येथेच तुलनेची मर्यादाही स्पष्ट होते. घर सोडताना श्यामची भाषा बदलत नाही. माडिया बोलणाऱ्या मुलाची मात्र आईबरोबर भाषाही दुरावते. शिवाय त्याचे संगोपन दोघा पालकांपुरते नसते. गोटुलच्या रूपाने गावही त्यात सहभागी असते. अशा मुलापुढे कोकणातील ब्राह्मण कुटुंबातील आई हा एकमेव आदर्श म्हणून ठेवल्यास त्याला स्वतःचे घर उणे वाटू लागण्याचा धोका आहे.

म्हणून वर्गात श्यामच्या आईचे गुण पाठ करून घेण्यापेक्षा त्याच्या कथनाची रीत स्वीकारणे अधिक उचित ठरेल. आपल्या आईने, वडिलांनी, गावाने काय दिले, हे मुलाने आपल्या भाषेत सांगावे व इतरांनी ऐकावे. कादंबरीतील आश्रमातही याहून वेगळे काही घडत नाही.