हत्याराचे पाणी राखा

१८५१ साली लंडन येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने, किल्लीशिवाय उघडणे अशक्य म्हणून गाजलेले ब्रामा कुलूप उघडून दाखविले. सोळा दिवसांत मिळून त्याला ५१ तास लागले. त्याच्यापाशी जादू नव्हती. होती ती चिकाटी आणि बारीक हत्यारे.

आज अनेक देशांत हौशी मंडळी हा छंद जोपासतात. त्यांचे दोन नियम आहेत. कुलूप स्वतःच्या मालकीचे असावे, आणि ते कोठेही वापरात असलेले नसावे. हे नियम पाळले नाहीत, तर छंदाचा गुन्हा व्हायला वेळ लागत नाही!

या छंदातील मुख्य हत्यार म्हणजे टोकाला बाक असलेली, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. कुलपात स्प्रिंगांवर बसलेल्या छोट्या पिना असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पिना किंचित हलल्याचे बोटांना कळते ते या पट्टीमधूनच. पट्टी खरखरीत असेल तर घर्षणाची थरथर त्या सूक्ष्म हालचालीत मिसळते आणि बोटे फसतात. म्हणून पट्टी गुळगुळीत ठेवणे ही हौस नव्हे, गरज आहे.

पट्टीच्या कडा प्रथम बारीक कानशीने घासाव्यात. कानस पुढे जातानाच कापते, म्हणून मागे घेताना ती उचलावी. नंतर ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने वापरावा. शेवटचे घासणे मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच करावे. असे का? पट्टी वाकते तेव्हा आडव्या ओरखड्याच्या तळाशी ताण एकवटतो व तेथूनच तडा जाण्यास सुरुवात होते. उभ्या ओरखड्याने हा धोका फारसा नसतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोयत्याला लोहार 'पाणी देतो', हे तुम्ही ऐकले असेल. तो पोलाद लाल तापवून एकदम थंड करतो. पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. मग ते पुन्हा थोडे तापविले की ठिसूळपणा कमी होतो. पट्टी कर्बयुक्त पोलादाची असेल, तर तिचा लवचिकपणा असाच आलेला असतो. फिरत्या सहाणेवर ती धरली, की बारीक टोक क्षणात तापते, कारण तेथे धातू थोडा असतो. साध्या कर्बयुक्त पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, तर ३०० अंशांच्या आसपास निळा. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो, त्याचे हे रंग! तापमान आणखी वाढले की पाणी उतरत जाते आणि टोक मऊ पडते. म्हणून हातानेच घासणे उत्तम. सहाण वापरलीच, तर पट्टी वारंवार पाण्यात बुडवावी. पट्टीवरचा पाण्याचा थेंब उकळू लागला तर तापमान १०० अंशांपर्यंत आले, असे समजून थांबावे.

हे स्वतः पाहावयाचे आहे? वडील मंडळींच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा लावून, शिवणाच्या दोन जुन्या सुया घ्या. एक पकडीत धरून फडक्याआड वाकवा. ती काड्कन तुटेल. दुसरी चिमट्याने धरून ज्योतीत लाल होऊ द्या आणि सावकाश ज्योतीबाहेर काढा. थंड झाल्यावर तीच सुई तारेसारखी वाकेल. तिचे पाणी उतरले!

काम संपल्यावर हत्यार पुसून त्यावर मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. तेलाच्या थरामुळे हवा व ओलावा पोलादापर्यंत पोहोचत नाही आणि गंज चढत नाही. पावसाळ्यात तर हे विसरूच नये. सुताराची पटाशी असो की घरातली सुरी, पोलाद एकच आणि त्याचे नियमही तेच.